१:९६ की १:१००? कागदी रॉकेट करायला घेण्याआधी

कागदी रॉकेटचे नमुने शोधायला लागलं की दोन स्केल, म्हणजे खरं रॉकेट किती पट लहान केलं ते सांगणारी मापं, पुन्हा पुन्हा समोर येतात, १:९६ आणि १:१००. आकडे इतके जवळचे की बहुतेक जण दोन्ही एकच धरतात, हाती लागेल तो नमुना छापतात आणि कात्री घेऊन बसतात. एकच रॉकेट करून शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर काही बिघडत नाही. पण या छंदाची खरी मजा रॉकेटं शेजारी-शेजारी उभी करण्यात आहे आणि तिथे हा चार टक्क्यांचा फरक चक्क खोटं बोलतो.

इस्रोचीच दोन रॉकेटं घ्या. पीएसएलव्हीची उंची ४४.४ मीटर, एलव्हीएम-३ ची ४३.५ मीटर. म्हणजे २०२३ मध्ये चांद्रयान-३ घेऊन गेलेलं ते धिप्पाड एलव्हीएम-३ पीएसएलव्हीपेक्षा जवळजवळ मीटरभर बुटकं आहे. त्याची ताकद उंचीत नाही, जाडीत आहे. दोन्ही १:१०० ने केली तर टेबलावर ४४.४ आणि ४३.५ सेंटीमीटर उभे राहतात आणि ही गोष्ट नुसत्या नजरेला कळते. आता एलव्हीएम-३ चा नमुना १:९६ चा वापरला तर तो ४५.३ सेंटीमीटर होतो. बुटकं रॉकेट उंच झालं! शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात असं मांडलं तर पाहणारी मुलं चुकीचीच गोष्ट डोक्यात घेऊन घरी जातील.

दोन स्केलची मुळंच वेगळी आहेत. १:९६ फूट-इंचांच्या हिशोबातून आलेलं आहे. खऱ्या रॉकेटच्या एका फुटाला कागदावर इंचाचा आठवा भाग. अमेरिकी रॉकेटांची मोजमापं फूट-इंचांत, त्यामुळे तिथल्या हौशी लोकांना हेच सोयीचं. माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ या अमेरिकी रॉकेटचं रेवेल कंपनीचं प्लॅस्टिकचं मॉडेल याच स्केलचं आहे. १:४८ हे त्याचंच दुप्पट मोठं भावंड. १:१०० मात्र सरळ मीटरचं. मीटरला एक सेंटीमीटर, बस. पीएसएलव्हीच्या मुख्य भागाचा व्यास २.८ मीटर, म्हणून नळी २.८ सेंटीमीटरची. बाजूचे सहा बूस्टर, म्हणजे उड्डाणाला जादा जोर देणारी छोटी रॉकेटं, एक-एक मीटर जाडीचे, म्हणून एक-एक सेंटीमीटरचे. सहावीतला मुलगाही वहीच्या कडेला हे मांडू शकतो. इस्रोचे आकडे मीटरमध्येच मिळतात, त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. भारतीय रॉकेटं करायची असतील आणि विशेषतः मुलांना हाताशी घेऊन करायची असतील, तर १:१०० च धरा.

मग १:९६ चा एखादा सुंदर नमुना मिळाला तर सोडून द्यायचा का? मुळीच नाही. तो ९६ टक्क्यांवर छापा, की बरोबर १:१०० होतो. ९६ ला १०० ने भागलं की ०.९६, इतकं ते सोपं आहे.

अडचण येते ती हेच नकळत झालं की. अमेरिकी नमुने लेटर आकाराच्या पानावर मांडलेले असतात. ते पान आपल्या ए-४ पेक्षा सुमारे सहा मिलिमीटर रुंद. म्हापसा-फोंड्याच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात फाईल दिली की मशीन बहुधा पान ‘फिट’ करून छापतं आणि नमुना गुपचूप आकसतो. एक पान दुकानात आणि दुसरं घरच्या प्रिंटरवर काढलं तर नळी एका मापाची आणि तिचं झाकण दुसऱ्या मापाचं होतं. म्हणून ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ किंवा आपण ठरवलेले ९६ टक्के सांगून छापून घ्या आणि पानावर मोजपट्टीची रेघ असेल तर स्टीलच्या पट्टीने तिथेच मोजा. दहा सेंटीमीटरची रेघ ९.६ भरली तर १:९६ चं १:१०० झालं असं समजा. ९.४ भरली तर पान परत छापायचं.

जागा कमी असणारे १:१४४ कडे वळतात, आणि सॅटर्न-५ साठी ते पटतंही. १:१०० ने तो ११० सेंटीमीटरचा होतो, त्याच्या पहिल्या टप्प्याचा घेर ए-४ च्या लांब बाजूतही मावत नाही. १:१४४ ने उंची ७७ सेंटीमीटरच्या आसपास येते आणि घेर एका पानात बसतो. पण १:१०० चा ए-३ नमुना ए-४ वर लहान करून १:१४४ मिळेल असं समजू नका. तो १:१४१ होतो.

लहान करण्यात खरी मेख आहे ती कागदाच्या जाडीची. नमुना आकसतो, कागद आकसत नाही. नळीचा बाहेरचा घेर आतल्या घेरापेक्षा जाडीच्या सव्वासहा पटीने जास्त असतो, मग नळी केवढीही असो. कार्डशीट ०.२ मिलिमीटर जाड धरली तर फरक सव्वा मिलिमीटरचा. सॅटर्नच्या रुंद नळीत तो दिसतही नाही. पीएसएलव्हीचा बूस्टर मात्र १:१४४ ने पेन्सिलीएवढा, सात मिलिमीटरचा होतो आणि तिथे सव्वा मिलिमीटर म्हणजे जोड उघडा पडतो, नाहीतर टोपी बसत नाही. अशा नळ्यांना साधा ८० जीएसएमचा कागदच घ्या आणि पेन्सिलीवरच वळवा.

चवथीच्या आधीचे पावसाळी महिने आपल्याकडे कागदाला जड जातात. ओल धरली की कागद तंतूंच्या लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतो. नळीसाठी आपण कागद सहज वळतो त्या बाजूने वळवतो, तेव्हा तंतू नळीच्या उभ्या दिशेत येतात आणि फुगवटा नेमका घेरात येतो. नळी आज आणि आतली कडी चार दिवसांनी कापली तर स्केल बरोबर असूनही जुळत नाही. एका भागाचे सगळे तुकडे एकाच बैठकीत कापा, उरलेली पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. दिवाळीत आकाशकंदिलांच्या स्पर्धांसाठी रात्र-रात्र बसणाऱ्या आपल्या मुलांना फेविकॉल किती पातळ लावायचा हे शिकवावं लागत नाही. इंकजेटच्या रंगावर तो ओघळू द्यायचा नाही, एवढंच सांगा.

सुरुवात एसएलव्ही-३ ने करा. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत सोडणारं हे रॉकेट २२ मीटर उंच आणि एक मीटर जाड होतं. १:१०० ने ते २२ सेंटीमीटरचं होतं. ते नीट उभं राहिलं की त्याच मापाने पीएसएलव्ही घ्या आणि त्यानंतर एलव्हीएम-३.