मृत्युपत्रांचे कागद कुठे सापडतात? मुंबईच्या प्रोबेट दप्तराची पार्श्वभूमी

१९३० च्या आसपास वारलेले दोन सख्खे भाऊ डोळ्यांपुढे आणा. थोरल्याचे बिऱ्हाड गिरगावात, धाकटा पुण्यात सदाशिव पेठेत. दोघांनीही स्वतःच्या कमाईच्या मालमत्तेचे मृत्युपत्र केलेले. धाकट्याची मुंबईत खोलीसुद्धा नाही. आज त्यांच्या पणतूने हे कागद शोधायला घेतले, तर थोरल्याचे मृत्युपत्र मुंबई उच्च न्यायालयाच्या दप्तरात मिळण्याची बरीच शक्यता आहे. धाकट्याचे मात्र कदाचित कुठल्याच कोर्टापुढे गेलेले नसेल. दोघांचा धर्म एक, घराणे एक. फरक पडला तो १८७० साली कायद्याने आखलेल्या एका रेषेमुळे.

प्रोबेटचे कागद शोधणारे बहुतेक लोक नावापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात साल आणि ठिकाण यांपासून करावी. कोणत्या काळात कोणत्या हद्दीत कोणते कोर्ट होते हे कळले, की दप्तराचा पत्ता निम्मा लागतो.

आधी प्रोबेट म्हणजे काय ते पाहू. हे मृत्युपत्र खरे आहे आणि त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाला म्हणजे एक्झिक्युटरला त्याप्रमाणे कारभार करण्याचा अधिकार आहे, असे कोर्ट आपल्या शिक्क्यानिशी मान्य करते. हा दाखला मृत्युपत्राची नक्कल जोडून दिला जातो. मूळ कागद कोर्टातच राहतो आणि शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने सगळे महत्त्व त्यालाच आहे. घर खरोखर मृताच्या मालकीचे होते की नाही, हे प्रोबेट कोर्ट ठरवत नाही. जुने प्रोबेट हाती आले म्हणजे मालकीचा पुरावा मिळाला असे समजून बसणाऱ्यांची पुढे निराशा होते.

आपल्याकडच्या जुन्या व्यवहारात मृत्युपत्र जवळपास नव्हतेच. वाटणीपत्र, दत्तकपत्र, दानपत्र होते. वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी आणि वतनदारांच्या सभेपुढे जाई आणि त्याचा महजर, म्हणजे लेखी निवाडा होई. मिताक्षरा या धर्मशास्त्राच्या ग्रंथाप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच. मग बापाने मरताना ती कुणाला लिहून देण्याचा प्रश्नच कुठे येतो? एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मोकळीक हिंदू पुरुषाला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने मिळाली. मुसलमानांत वसीयत होती, पण वारसांची संमती नसेल तर ती मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतीच. त्यामुळे अठराव्या शतकातल्या मराठी घराण्याचा शोध घेणाऱ्याने प्रोबेट शोधत बसू नये. त्याची वाट पुण्याच्या पेशवे दप्तराकडे जाते.

प्रोबेट आले ते इंग्रजांबरोबर, आणि इंग्लंडमध्ये ते होते चर्चच्या ताब्यात. जंगम मालमत्तेच्या मृत्युपत्रांवर शिक्कामोर्तब करण्याचे काम तिकडे शतकानुशतके धर्मकोर्टे करीत. १८५७ च्या कायद्याने ते दिवाणी कोर्टाकडे गेले आणि नवे कोर्ट जानेवारी १८५८ मध्ये सुरू झाले. हा दूरदेशीचा तपशील इथे सांगण्याचे कारण असे, की मुंबईच्या जुन्या सुप्रीम कोर्टातही हा अधिकार ‘एक्लेझिअ‍ॅस्टिकल’ म्हणजे धर्मकोर्टाच्या अधिकाराखाली मोडत असे. बाहेरून चर्चचा विषय वाटावा अशा शीर्षकाखाली एखाद्या व्यापाऱ्याच्या पेढीची आणि घरातल्या भांड्यांची यादी निघू शकते.

मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आले आणि १६७२ मध्ये गव्हर्नर जेराल्ड आंजियरच्या काळात तिथे इंग्रजी धाटणीचे कोर्ट सुरू झाले. प्रोबेट दप्तराची पक्की सुरुवात मात्र २४ सप्टेंबर १७२६ च्या सनदेपासून धरावी. पहिल्या जॉर्जच्या त्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेयर्स कोर्टे स्थापन झाली आणि प्रोबेट देण्याचा, तसेच मृत्युपत्र नसेल तेव्हा लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणजे मालमत्तेच्या कारभाराचे अधिकारपत्र देण्याचा अधिकार त्यांना मिळाला. मुंबईचे मेयर्स कोर्ट १७२८ मध्ये कामाला लागले. कारण अगदी व्यवहारी होते. कंपनीचे नोकर इथे तापाने, पोटाच्या विकाराने भराभर मरत आणि त्यांची देणीघेणी इथे, तर वारस समुद्रापार. मेलेल्याचा माल कोणी विकला, पैसे कुठे गेले, याचा हिशेब लंडनला द्यावा लागे. मृत्युपत्रांच्या आणि मालमत्तेच्या याद्यांच्या नकला तिकडे पाठवण्याचा शिरस्ता यातूनच पडला. त्या नकला आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स या संग्रहात आहेत. म्हणून कंपनीच्या काळातल्या मुंबईकराचे मृत्युपत्र मुंबईत मिळाले नाही, तरी लगेच आशा सोडू नये.

मेयर्स कोर्टाच्या जागी १७९८ मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट आले, १८२३ च्या सनदेने सुप्रीम कोर्ट आले आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी उच्च न्यायालय उघडले. चार कोर्टे झाली, पण मृत्युपत्रांचा अधिकार एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. उच्च न्यायालयाच्या लेटर्स पेटंटमधल्या, म्हणजे सनदेतल्या, कलम ३४ मध्ये तो पुन्हा लिहून ठेवला आहे. आजही तिथे ‘टेस्टामेंटरी’ हा वेगळा विभाग आहे आणि तो ज्याच्या कार्यालयाखाली येतो त्या अधिकाऱ्याचा हुद्दा ‘प्रोथोनोटरी अँड सीनियर मास्टर’ असा आहे. हा हुद्दा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एखाद्या बिशपाचा वाटला तर त्यात त्याची चूक नाही.

हे सगळे बेटापुरते. खाडीपलीकडच्या मुलखाची कथा निराळी. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत जे रेग्युलेशनांचे बाड तयार झाले, त्यात १८२७ चे आठवे रेग्युलेशन वारसांना, एक्झिक्युटरांना आणि मालमत्तेच्या व्यवस्थापकांना कोर्टाने रीतसर मान्यता देण्याविषयीचे होते. आपण ज्याला ‘वारस दाखला’ म्हणतो तो याच रेग्युलेशनखालचा, आणि जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही महाराष्ट्रातल्या कोर्टांत त्याचे अर्ज होत असतात. त्यामुळे पुणे, सातारा, नगरकडे एकोणिसाव्या शतकातला माणूस शोधताना प्रोबेटपेक्षा वारस दाखल्याचा अर्ज सापडण्याचा संभव अधिक. यादीतला शब्द वेगळा असतो एवढ्याच कारणाने कित्येकांचा शोध वाया जातो.

आता ती रेषा. १८६५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा मुख्यतः युरोपीय आणि ख्रिस्ती लोकांसाठी होता. हिंदू-मुसलमान त्यातून वगळलेले. पण शहरांतले हिंदू व्यापारी तोवर मृत्युपत्रे करू लागले होते आणि त्यांचे तंटे कोर्टात येत होते. म्हणून १८७० चा हिंदू विल्स अ‍ॅक्ट आला. तो लागू झाला बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या मुलखाला आणि मद्रास व मुंबई उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीला, म्हणजे आपल्यापुरते बोलायचे तर मुंबई शहराला. १ सप्टेंबर १८७० पासून या हद्दीत केलेल्या, किंवा बाहेर केलेल्या पण हद्दीतल्या स्थावराबद्दलच्या हिंदू मृत्युपत्रांना प्रोबेटची गरज पडू लागली. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याने हीच रेषा कलम ५७ आणि कलम २१३ मधून पुढे चालवली: अशा मृत्युपत्राखालचा हक्क प्रोबेटशिवाय कोर्टात प्रस्थापित करता येणार नाही. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ हद्दीतल्या पारशी मृत्युपत्रांना ही अट १९६२ च्या दुरुस्तीने लागली. भारतीय ख्रिश्चनांची २००२ मध्ये त्यातून सुटका झाली. मुसलमानांना ती नव्हतीच. व्यापारी बंदरांच्या सोयीसाठी ओढलेली रेषा स्वातंत्र्यानंतरही इतकी वर्षे का टिकली, याला ‘कुणी पुसली नाही’ यापलीकडचे पटेल असे उत्तर मला तरी दिसत नाही.

रेषेबाहेर प्रोबेटची सक्ती नव्हती, पण ते मागायला बंदीही नव्हती. १८८१ च्या प्रोबेट अँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन अ‍ॅक्टने मुफस्सलमधल्या, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखातल्या, जिल्हा कोर्टांचा दरवाजा हिंदूंना मोकळा केला. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मराठी वाचकाला माहीत आहे, फक्त ते प्रोबेटचे उदाहरण म्हणून आपण आठवत नाही. ते म्हणजे ताई महाराज प्रकरण. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी ज्यांच्यावर कारभार सोपवला त्यांत लोकमान्य टिळक होते, दादासाहेब खापर्डे होते. त्यांनी पुण्याच्या कोर्टातून प्रोबेट घेतले. पुढे दत्तकावरून बाबा महाराजांच्या विधवा ताई महाराजांशी बिनसले आणि १९०१ मध्ये प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांच्यापुढे आला. अ‍ॅस्टननी १९०२ मध्ये प्रोबेट तर रद्द केलेच, शिवाय टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला भरण्यासाठी प्रकरण पुढे पाठवले. तो फौजदारी खटला १९०४ मध्ये उच्च न्यायालयात संपला आणि टिळक सुटले. दत्तकाचा दिवाणी दावा मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेला आणि १९१५ मध्ये निकाल टिळकांच्या बाजूने लागला. एका मृत्युपत्रापायी अठरा वर्षे! या एकाच घराण्याच्या कागदांसाठी किती दप्तरे धुंडाळावी लागतील पाहा: पुण्याचे जिल्हा कोर्ट, फौजदारी कोर्ट, मुंबईचे उच्च न्यायालय आणि प्रिव्ही कौन्सिल.

विदर्भ आणि मराठवाड्याचे वाचक एव्हाना वैतागले असतील. नागपूर मध्य प्रांतात होते आणि १९३६ पासून त्याचे स्वतःचे उच्च न्यायालय होते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले. या भागांतले त्याआधीचे कागद मुंबईच्या दप्तरात शोधण्यात अर्थ नाही.

मुंबईत मात्र एक सोय आहे. १९४८ मध्ये सिटी सिव्हिल कोर्ट स्थापन झाले, तेव्हा मृत्युपत्रांचे काम त्याच्याकडे दिले नाही. त्यामुळे शहरातले प्रोबेट म्हणजे उच्च न्यायालय, दुसरे कोर्ट नाही. जिल्ह्यांत जिल्हा न्यायालय किंवा अधिकार दिलेले वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय. कोर्टाने मान्य केलेली मूळ मृत्युपत्रे दप्तरात जपून ठेवावीत, असे १९२५ च्या कायद्याचे कलम २९४ सांगते. दुसरीकडे, जुने निरुपयोगी कागद नष्ट करण्याचे नियम करण्याची मुभा उच्च न्यायालयांना १९१७ च्या कायद्याने दिली आहे. म्हणजे प्रकरणातला कागदन् कागद मिळेलच असे धरून चालू नये.

फाइलमध्ये मृत्युपत्राहूनही वाचनीय असा एक कागद असतो, तो म्हणजे मालमत्तेची यादी. कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर बसे, म्हणून अर्जासोबत येणे-देणे लिहावे लागे. शिवाय कलम ३१७ प्रमाणे एक्झिक्युटरने सहा महिन्यांत पूर्ण यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यायचा असतो. कर्ज कुणाचे, गहाण काय टाकले होते, कोणत्या गिरणीचे शेअर होते, हे मृत्युपत्रात नसते, ते इथे मिळते. कुणी हरकत घेऊन कॅव्हेट दाखल केली असेल, तर अर्जाचा दावा होतो, म्हणजे ‘टेस्टामेंटरी पिटिशन’ची ‘टेस्टामेंटरी सूट’ होते आणि नंबर बदलतो. पिटिशनच्या नंबरावर फाइल अर्धवट थांबलेली दिसली, तर भांडण झाले असे समजावे आणि सूटचा नंबर शोधावा.

नोंदणी आणि प्रोबेट यांची गल्लत फार होते. मृत्युपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, ती ऐच्छिक आहे आणि तिचा कोर्टाशी संबंध नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात मृत्युपत्रांसाठी पुस्तक क्रमांक ३ वेगळे ठेवले आहे. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. तो वारल्यावर अर्ज करणाऱ्या कोणालाही. मात्र या पुस्तकातला शोध नोंदणी अधिकारी स्वतः घेतो, आपल्याला पाने चाळू देत नाही. बंद लिफाफ्यात मृत्युपत्र ठेवून देण्याची सोयही याच कायद्यात आहे आणि त्या लिफाफ्यांची नोंद पुस्तक क्रमांक ५ मध्ये असते. सदाशिव पेठेतल्या धाकट्या भावाचा माग लागलाच, तर तो कोर्टात नव्हे, इथे लागेल.

कोर्टातल्या कागदाची प्रमाणित नक्कल अर्ज आणि फी भरून मागता येते. पक्षकार नसलेल्याला कागद कशासाठी हवा ते सांगावे लागते. अलीकडची प्रकरणे पक्षकाराच्या नावाने ऑनलाइन दिसतात. जुन्यांसाठी मृत्यूचे साल आणि नावाची त्या काळची स्पेलिंगे घेऊन जावे, कारण रजिस्टरे इंग्रजीत आहेत आणि ‘जोशी’ तिथे तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडू शकतात.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या निरसन व सुधारणा कायद्याने कलम २१३ काढून टाकले. आता मुंबईतही प्रोबेटची सक्ती उरली नाही. हवे त्याने मागावे. वारसांचा वेळ आणि पैसा वाचेल, यात वाद नाही. पण १७२८ पासून या शहराच्या मृत्युपत्रांची एका जागी साठत आलेली रास यापुढे पातळ होत जाईल, असा माझा अंदाज आहे. भांडणे नसलेल्या घरांतले कागद कपाटात राहतील. त्यातल्या त्यात ज्यांची नोंदणी झाली असेल, तेवढे पुस्तक क्रमांक ३ मध्ये सापडतील.