उशीर झाला की वेळ खरंच संथ होते का?

दादरच्या पुलावर गर्दी हलत नाही, खाली गाडी लागलेली, आणि एकेक पायरी संपता संपत नाही. अशा वेळी हमखास ऐकू येतं: ताणात मेंदू जलद चालतो, म्हणून जग संथ दिसतं. हे खरं नाही.

अमेरिकेत मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांना ३१ मीटर उंचीवरून उताणं, खालच्या जाळीत सोडलं. मनगटावरच्या यंत्रात आकडे इतक्या झपाट्याने बदलत होते की एरवी ते वाचताच येत नाहीत. मेंदू जलद झाला असता, तर पडताना ते वाचता आले असते. आले नाहीत. तरी स्वतःचं पडणं इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के लांब वाटलं! भीतीत आठवणी दाट साठतात, म्हणून नंतर तो काळ मोठा भासतो, असं त्यांचं म्हणणं.

पुलावरचं कारण त्याहून साधं आहे: तिथे सगळं लक्ष वेळेवरच असतं. शिवाय झटकन घड्याळाकडे पाहिलं की पहिला सेकंद लांबतो, कारण नजर वळतानाचा क्षण मेंदू त्यातच धरतो. काटा थबकल्याचा हा भास वेळेवर निघालेल्यालाही होतो.