सटीप भाषांतर (ऐतिहासिक कादंबऱ्यांचे)

ऐतिहासिक कादंबरीच्या अनुवादाला प्रस्तावना, टिपा, वंशावळी व कालपट जोडून सिद्ध केलेली अभ्यासकी आवृत्ती. कोल्हापूर परिसराला या विषयाचे विशेष अगत्य आहे. ‘स्वामी’ व ‘श्रीमान योगी’ लिहिणारे रणजित देसाई चंदगड तालुक्यातील कोवाडचे, तर ‘छावा’कार शिवाजी सावंत आजऱ्याचे. शिवाय शिवाजी विद्यापीठाने (स्थापना १९६२) आप्पासाहेब पवार यांच्या संपादनाखाली ताराबाईकालीन कागदपत्रे छापल्याने टीपकाराला पडताळ्याचे साधन जवळच मिळाले.

या प्रथेचे मूळ संस्कृत टीका-भाष्यांत शोधता येते. तथापि, वॉल्टर स्कॉट याने १८२९ पासून निघालेल्या आपल्या कादंबऱ्यांच्या आवृत्तीस स्वतःच टिपा जोडल्या, हा पूर्वाधार अधिक जवळचा वाटतो. कारण भाष्यकार अर्थ उलगडतो, तर कादंबरीचा टीपकार साधार काय व कल्पित काय ते दाखवतो. मराठीत आरंभी रूपांतराचीच चाल होती. मेडोज टेलर याच्या टिपूवरील कादंबरीवरून ह. ना. आपटे यांनी ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली. तीन राज्यांच्या चिनी कादंबरीचे मॉस रॉबर्ट्सकृत सटीप इंग्रजी भाषांतर (१९९१) या प्रकाराचा नमुना मानण्यास हरकत नसावी.

टीपकाराची खरी कसोटी कालनिर्णयात लागते. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ रोजी झाला. रूढ ६ जून १६७४ ही ज्यूलियन (जुन्या युरोपीय गणनेची) तारीख असून आज रूढ असलेल्या ग्रेगोरियन गणनेने १६ जून येते. इंग्रजांनी ही नवी गणना १७५२ मध्ये स्वीकारली, पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच. त्यामुळे सतराव्या शतकातील एकच घटना सुरतेच्या इंग्रजांच्या व गोव्याच्या पोर्तुगीजांच्या पत्रांत दहा दिवसांच्या फरकाने येते. मराठी कागदपत्रांत येणारी शुहूर सन ही कालगणना मृगारंभी, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरताना, बदलते. इसवी सनासाठी त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढे मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. नुसती तारीख उतरवणारा अनुवादक इथेच फसतो.

‘श्रीमान योगी’सारख्या कादंबरीत साधनचिकित्सेचा मोठा भाग नरहर कुरुंदकरांच्या विस्तृत प्रस्तावनेतच आहे. सटीप अनुवादात ती वगळणे इष्ट नाही. कल्पित संवादांना मात्र प्रत्येक ठिकाणी टीप नको; प्रस्तावनेतील एकच खुलासा पुरतो.