पळस, चिंध्या आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्विल्ट

पळस बघून आलात आणि क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेलं गोधडीसारखं पांघरूण, करायला घेतलंत, पण त्यात फूल नाही पान नाही, नुसते केशरी-करड्या कापडाचे वाकडेतिकडे तुकडे, की घरचे हमखास विचारणार, "हे मॉडर्न आर्ट आहे का?" आता गंमत अशी की हे मॉडर्न आर्टवाल्यांनी शोधलेलंच नाही, त्यांच्या आधीपासून बायका घरात बसून हेच करत होत्या, तेही थंडी वाजते म्हणून.

अमेरिकेतल्या जुन्या क्विल्टच्या पॅटर्नची नावं बघा. 'फ्लाइंग गीज' म्हणजे एकामागे एक लावलेले त्रिकोण, बास, पण ज्या बाईने दर वर्षी थंडीच्या तोंडावर पक्ष्यांचे थवे दक्षिणेला जाताना बघितलेत तिला पंख-चोच काढून दाखवायची गरज नव्हती. 'लॉग कॅबिन'मध्ये मधे एक छोटा चौकोन, बऱ्याचदा लाल, आणि त्याच्याभोवती पट्ट्या, अर्ध्या बाजूला फिक्या नि अर्ध्या बाजूला गडद. हेच ब्लॉक, म्हणजे असे शिवलेले चौकोन, तिरप्या ओळीत लावले की नाव होतं 'स्ट्रेट फरो', म्हणजे नांगराने पाडलेली सरळ सरी. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागातले आमिश लोक, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ, तर साधेपणाच्या नियमामुळे छापील कापडच वापरत नसत, मग उरला फक्त रंग. त्यांचं 'सनशाइन अँड शॅडो' हे छोट्या एकरंगी चौकोनांचं, मधून बाहेर फिका-गडद, फिका-गडद असं पसरत जाणारं. ऊन आणि सावली, दुसरं काहीच नाही.

तिकडे पॅरिसमध्ये १९११ साली सोनिया डेलॉने या चित्रकर्तीने आपल्या तान्ह्या मुलासाठी, शार्लसाठी, तुकडे जोडून एक पांघरूण केलं, रशियन शेतकरी बायका करतात तसं, आणि तिच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चित्रांची सुरुवात सांगताना लोक आज त्या पांघरुणाकडे बोट दाखवतात! पण जगाने क्विल्टकडे चित्र म्हणून बघायला १९७१ उजाडलं. जोनाथन होलस्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जमवलेली क्विल्ट न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये सरळ भिंतीवर टांगली. पलंगावरून भिंतीवर, एवढाच काय तो बदल, पण गाजलं. (शिवणाऱ्या बायकांची नावं मात्र बहुतेक ठिकाणी कुणाला माहीतच नव्हती, हे मला अजून खटकतं.) त्यामानाने अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांचं नशीब बरं, जुन्या कामाच्या कपड्यांतून केलेली त्यांची क्विल्ट २००२ पासून मोठ्या म्युझियममध्ये त्यांच्या नावानिशी लागली.

आता ऋतूंचे रंग. जुन्या क्विल्टमध्ये ऋतू यायचा तो नावातून, कारण पेटीत ज्या रंगाचं कापड असेल तेच वापरायचं. हे बदललं ते कापड घरीच रंगवता यायला लागल्यामुळे. १९५६ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने प्रोसियन नावाचे रंग बाजारात आणले, हे सुती धाग्याशी रासायनिक जोड करतात, उकळत्या पाण्याची गरज नाही, बादली आणि धुण्याचा सोडा एवढ्यावर काम होतं. दर वेळी रंगाची पूड निम्मी करत गेलं की एकाच केशरीच्या आठ छटा घरी काढता येतात, म्हणजे पळसाच्या भडक फुलापासून सुकलेल्या फिक्या पाकळीपर्यंत सगळं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सोडाच घालायला विसरले, आणि अख्खा फाल्गुन मोरीतून वाहून गेला.

मग १९७९ मध्ये दोन गोष्टी झाल्या. जपानच्या ओल्फा कंपनीचा कापड कापायचा गोल फिरत्या पात्याचा रोटरी कटर आला आणि ओहायोतल्या अथेन्स गावी गाईंच्या जुन्या गोठ्यात 'क्विल्ट नॅशनल' हे प्रदर्शन सुरू झालं, फक्त नव्या आर्ट क्विल्टसाठी, म्हणजे पांघरायला नाही तर चित्रासारखं बघायला केलेल्या क्विल्टसाठी. ते सुरू करणाऱ्यांपैकी नॅन्सी क्रो पुढे स्वतःच रंगवलेलं कापड पट्टी न लावता हाताच्या अंदाजाने कापायला लागली, त्यामुळे रेषा थोडी हलते, गवताच्या पात्यासारखी. आज जे 'शरद ऋतू' वगैरे नावाचे क्विल्ट दिसतात ते करणाऱ्या बऱ्याच जणांची पद्धत हीच.

आपल्याकडे हे शिकायला कुणी गोठ्यात गेलं नाही, गोधडी होतीच. आमच्याकडे ती उन्हाळ्यात शिवायची, शेतातलं काम आटपलं की अंगणात जुनं लुगडं अंथरायचं, वर धोतराचे, परकराचे तुकडे, आणि मग कडेकडेने धावदोरा घालत मधे यायचं. आजीच्या गोधडीत सगळीकडे मळके निळे-हिरवे तुकडे आणि ऐन मधे एक लालभडक चौकोन आहे. मी मोठ्या कौतुकाने विचारलं, आजी हा लाल इथेच का लावलास गं?

"तिथंच भोक राहिलं होतं," म्हणाली.