विजेची पकड : व्होल्टेजचं किती, पृष्ठभागाचं किती

जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यांत थंडी पडली की ‘स्टॅटिक’ची कुरकुर सुरू होते. प्लास्टिकची पट्टी लूमवर चढता चढता हाताला चिकटते, दंडावरचे केस उभे राहतात, मधूनच चटका बसतो. श्रावणात मशीन तेच, पट्टी तीच, पण त्रास नावाला. हवेतली ओल पट्टीवर बसते आणि साचलेला विद्युतभार हळूच वाहून जातो. हे नको असलेलं चिकटणं बटणावर चालू-बंद करता आलं, तर त्याची पकड होते.

तसा प्रयत्न जुना आहे. १८७०च्या दशकात अमेरिकेत ओलसर खडूच्या रुळावर घासणाऱ्या धातूच्या पट्टीचं घर्षण प्रवाह सोडला की बदलतं, हे दिसलं आणि त्यावर टेलिफोनचा मोठ्या आवाजाचा रिसीव्हरही बनला. पुढे दोन डॅनिश अभियंत्यांनी शिळाछापाचा दगड, अकीक आणि पाटीचा दगड धातूच्या पत्र्याला लावून काहीशे व्होल्ट दिले, तर दगड आणि पत्रा एकमेकांना घट्ट धरून बसले. हे काम १९२३ मध्ये छापून आलं. पाटीचा दगड धड वाहक नाही आणि धड रोधकही नाही. खरी मेख तिथेच आहे, पण ती कामाला यायला अर्धं शतक जावं लागलं.

ती वेळ आणली चिपच्या कारखान्यांनी. सिलिकॉनची चकती निर्वात पेटीत धरायची, तर हवा ओढून धरणारी पकड तिथे कुचकामी. कडेला चिमटे लावले तर तेवढी जागा वाया जाते आणि धूळ सुटते. म्हणून विजेची पकड आली, आणि तिच्याबरोबर एक वाद आला: चकती आणि तिच्याखालचा इलेक्ट्रोड (वीज दिलेला धातूचा भाग) यांच्या मधला थर पक्का रोधक ठेवायचा की थोडा गळका, म्हणजे किंचित वीज झिरपू देणारा?

पक्क्या थराचं गणित सरळ. व्होल्टेज दुप्पट केलं की ओढ चौपट होते, आणि थराची जाडी दुप्पट झाली की ओढ पावपट. त्यामुळे थर पातळ हवा आणि व्होल्टेज जास्त, बऱ्याचदा हजाराच्या वर. पातळ थरात एखादं छिद्र राहिलं तर तिथूनच ठिणगी फुटते. गळक्या थरात भार झिरपत पृष्ठभागापर्यंत येतो. दोन पृष्ठभाग कितीही घासून गुळगुळीत केले तरी खरे टेकतात ते मोजक्या उंचवट्यांवर. बाकी सगळीकडे मायक्रॉनभर (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी) फट उरते, आणि जवळजवळ सगळं व्होल्टेज त्या फटीवर पडतं. अंतर इतकं कमी झालं की काहीशे व्होल्टांतही जबर ओढ मिळते. हवेत ठिणगी पडायला मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, म्हणून ही फट लगेच फुटेल असं वाटतं. पण साधारण ३३० व्होल्टांखाली फट कितीही लहान असली तरी हवेत नेहमीसारखी ठिणगी पडत नाही. गळक्या थराला ही सवलत फुकटात मिळाली.

त्यासाठी ॲल्युमिनात (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) टिटॅनियाची (टायटॅनियमचं ऑक्साइड) भेसळ करून रोधकता मुद्दाम उतरवली गेली. ती १०⁹ ते १०¹² ओहम-सेंटिमीटरच्या आसपास लागते. त्याहून कमी झाली तर प्रवाह वाया जातो, जास्त झाली तर पकड बसायला उशीर लागतो. शिवाय थर तापला की रोधकता घसरते. मोठी डोकेदुखी सोडण्याची. वीज बंद केली तरी पृष्ठभागावरचा भार लगेच जात नाही, खालून पिना वर आल्या की चकती उडते, नाहीतर तडकते. म्हणून सोडताना क्षणभर उलटं व्होल्टेज द्यावं लागतं. पक्क्या थराचे समर्थक याच मुद्द्यावर अडून बसतात, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. तरी कमी व्होल्टेजमध्ये जास्त पकड हवी असेल, तर गळक्या थराला तोड नाही असं माझं मत.

२००० नंतर पकड चकतीबाहेर पडली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेने काच, लाकूड, काँक्रीट अशा भिंतींवर चढणारे रोबो दाखवले. एकमेकांत बोटं गुंतवावीत तशी दोन इलेक्ट्रोडची जाळी आणि वर लवचिक प्लास्टिक. त्यापाठोपाठ कापड उचलणारे पंजे आले. जाहिरातीत किलोव्होल्टचा आकडा ठळक असतो, समोरची वस्तू कोणती याचा उल्लेख बारीक अक्षरात. पत्रा लगेच धरला जातो. काच किंवा प्लास्टिक असेल तर आतले भार सरकायला वेळ लागतो, पकड सावकाश चढते आणि कमीच राहते. खरबरीत भिंतीवर फट वाढली की ‘अंतर दुप्पट, ओढ पावपट’ हा नियम उलटा अंगावर येतो. मे महिन्यात जळगावच्या कोरड्या हवेत काढलेला आकडा ऑगस्टमध्ये मिळेलच असं नाही.

२०२४ मध्ये अमेरिकेतून वेगळीच वाट पुढे आली. ग्रॅफाइट आणि मऊ जेल यांच्यात फक्त ५ व्होल्ट, तेही काही मिनिटं, आणि जोड इतका पक्का की ओढल्यावर जेल फाटावं. ध्रुव उलटे केले की सुटतं. सफरचंद, टोमॅटो, मांस यांनाही हे चिकटलं. इथे ओढ स्थिर भाराची नाही, रासायनिक बंधांची असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यामुळे धातू कोणता यावर बरंच ठरतं: तांबं चिकटतं, टायटॅनियम नाही. केळीही पाण्याने आणि क्षारांनी भरलेली, म्हणून रावेर-यावलच्या पॅकिंग हाऊसमध्ये याची चर्चा होऊ शकते. पण फणी उचलून खोक्यात ठेवायला जिथे काही सेकंदच मिळतात, तिथे मिनिटांत बसणारी पकड चालणार नाही.