ट्री सॅडल : जुळवणी व फेरफार

ट्री सॅडल म्हणजे झाडाच्या खोडाला दोराने टांगून घेऊन बसण्याचे, जाळीदार कापड व पट्ट्यांचे आसन. उत्तर अमेरिकेत, मुख्यतः पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार करणारे लोक ते वापरतात. शब्दाचा अर्थ खोगीर असला तरी रूप खोगिराचे नाही. कमरेपासून मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत मागून कवळणारी झोळी म्हटले तर चित्र लवकर डोळ्यांसमोर येते. मचाणावर किंवा झाडाला बसवलेल्या लोखंडी ट्रीस्टँडवर शिकारी बहुधा झाडाकडे पाठ करून बसतो. सॅडलमध्ये तो खोडाकडे तोंड करून टांगलेला असतो, त्यामुळे खोडाचाच आडोसा मिळतो. सामान पाठपिशवीत मावते आणि झाड रोज बदलता येते.

हा प्रकार नवा नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत अशी आसने विकली जात होती आणि मिशिगनचे धनुर्धर शिकारी जॉन एबरहार्ट यांनी त्यांचा दीर्घकाळ पुरस्कार केला. २०१० च्या दशकाच्या अखेरीस हलकी, मापांत मिळणारी सॅडले बाजारात आल्यावर प्रसार झपाट्याने वाढला. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीला बंदी असल्याने हे साधन इथे त्या कामासाठी येत नाही. मात्र सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणाऱ्यांना यातले कॅराबिनर (उघडझाप करणारी धातूची कडी), प्रुसिक (दोरावर सरकणारी, पण भार आल्यावर आवळणारी गाठ), वेबिंग (विणलेला सपाट पट्टा) हे शब्द ओळखीचे वाटतील. साहित्य बरेचसे तेच आहे; फरक एवढाच, की आरोहक हार्नेसमध्ये काही मिनिटे लटकतो आणि शिकारी पहाटेपासून दुपारपर्यंत. फेरफाराची गरज या फरकातून निर्माण होते.

भाग. पाठीमागचा रुंद पट्टा म्हणजे पॅनेल. ते एकसंध असते किंवा वरखाली सरकणाऱ्या दोन पॅनेलांचे असते. पॅनेलच्या दोन्ही टोकांना, खुब्यांच्या पुढे, ब्रिजचे फास असतात. या दोन फासांना जोडणारा, पोटासमोरचा दोर म्हणजे ब्रिज. खोडाभोवती बांधलेला दोर म्हणजे टेदर. तो प्रुसिक गाठीने किंवा यांत्रिक पकडीने लांब-आखूड होतो आणि त्यावरच्या कॅराबिनरमध्ये ब्रिज अडकतो. याशिवाय कमरपट्टा, मांडीचे दोन पट्टे आणि चढताना खोडाला वेढा घालणाऱ्या लाइनमन दोरासाठी बाजूचे दोन फास असतात. पायांखाली एक छोटा प्लॅटफॉर्म किंवा खोडाभोवती बांधलेल्या पायऱ्यांचे कडे असते.

वजन पॅनेल, ब्रिजचे फास, ब्रिज, कॅराबिनर, टेदर या साखळीतून खोडाकडे जाते. कमरपट्टा बहुतेक सॅडलांत या साखळीत नसतो. तो आसन जागेवर ठेवतो, एवढेच. कोणत्या भागाला हात लावायचा आणि कोणत्या नाही, हे यावरून ठरते.

दुखते कुठे आणि का. नवख्याची पहिली तक्रार खुब्यांच्या चिमट्याची असते. पॅनेलची दोन्ही टोके आत ओढली जातात आणि खुब्यांवर बाजूंनी दाब येतो. अर्ध्या तासाने मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या येतात, कारण तिथली त्वचेखालची संवेदी नस दाबली जाते. यावर बहुतेक जण आधी गादी लावतात आणि ती बहुतेक वेळा चुकीची सुरुवात ठरते. दाब आसन कडक असल्याने नसतो, दोरांच्या कोनामुळे असतो.

हिशेब सोपा आहे. दोन फासांमध्ये ४० सेंमी अंतर आणि टेदरवर ८० किलोचा भार धरला, तर ६० सेंमीचा ब्रिज प्रत्येक खुब्याला सुमारे ३६ किलोच्या बळाने आत दाबतो. ब्रिज ७५ सेंमी केला की हा आकडा २५ वर येतो, ९० सेंमीला २० वर. म्हणजे पहिल्या १५ सेंमीने ११ किलो कमी होतात आणि पुढच्या १५ ने जेमतेम ५. प्रत्यक्षात शरीर मऊ असते व पॅनेल वळते, त्यामुळे आकडे तंतोतंत उतरत नाहीत, पण कल हाच राहतो. आखूड ब्रिज थोडा वाढवल्याचा फायदा मोठा; आधीच लांब असलेला आणखी वाढवून फारसे हाती लागत नाही. उलट कॅराबिनर तोंडासमोर येतो, शिकारी खोडापासून दूर जातो आणि नेम बदलताना धनुष्य दोराला अडते. उजव्या हाताच्या धनुर्धराला खोडाच्या डावीकडचा नेम सोपा असतो. उजवीकडे वळताना धनुष्य ब्रिजवरून पलीकडे न्यावे लागते आणि तिथे हा लांब दोर नडतो.

ब्रिज बदलणे. म्हणूनच ठराविक लांबीचा ब्रिज काढून जुळवता येणारा बसवणे हा सर्वांत उपयोगी फेरफार मानला जातो. त्याच्या दोन रीती प्रचलित आहेत.

पहिली रीत गाठीची. साधारण ८ मिमीचा, गिर्यारोहण किंवा बचावकार्यासाठी प्रमाणित, आवरण असलेला दोर घ्यावा. एक टोक एका फासात दुहेरी फिशरमन गाठीच्या पद्धतीने पक्के करावे. दुसरे टोक मोकळे सोडून त्यावर ६ मिमी दोरीची प्रुसिक बांधावी आणि ती प्रुसिक दुसऱ्या फासाला जोडावी. प्रुसिकची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक असावी लागते. दोन्ही सारख्याच जाडीच्या घेतल्या तर गाठ चावत नाही आणि भार आल्यावर सरकते. मोकळ्या टोकाला अडसर गाठ हवीच, म्हणजे प्रुसिक घसरली तरी दोरावरून निसटणार नाही. प्रत्येक गाठीबाहेर किमान ७–८ सेंमी शेपूट ठेवावे. गाठ पूर्ण वजनाने आवळल्यावर लांबी काही सेंमीने बदलते, म्हणून दोर कापण्याआधी एकदा लटकून पाहावे.

दुसरी रीत ॲमस्टीलची, म्हणजे डायनीमा या अतिमजबूत कृत्रिम तंतूच्या बारा पेडी पोकळ दोराची. ६ मिमी जाडीचा हा दोर वजनाला नगण्य आणि ताकदीला कित्येक टन असतो. पण तो गुळगुळीत आहे, त्याला साध्या गाठी धरत नाहीत. टोक दोराच्याच पोटात खोचून फास करावा लागतो. ही खोचण व्यासाच्या सुमारे ७२ पट, म्हणजे ६ मिमीला जवळपास ४३ सेंमी, असावी आणि टोक निमुळते करून शिवणीने अडकवलेले असावे. खोचण आखूड राहिली तर भाराखाली फास सरकून निघतो. घरगुती ब्रिजमधली सर्वांत धोक्याची चूक हीच. लांबी जुळवण्यासाठी एक खोचण न शिवता सरकती ठेवतात. खोचणीच्या या लांबीमुळेच असा ब्रिज एका मर्यादेखाली आखूड करता येत नाही, आणि आखूड ब्रिज आवडणाऱ्या बुटक्या शिकाऱ्याला तो गैरसोयीचा पडतो. भार नसताना खोचण सैल पडते, तेव्हा लटकण्याआधी हाताने दोर चोळून ती घट्ट करावी लागते.

डायनीमाची आणखी एक खोड अशी, की तो सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळतो. त्यावरून दुसरा दोर किंवा प्रुसिक वेगाने घसरली तर घर्षणाची उष्णता पुरेशी ठरते. शिवाय तो ताणत नाही. टेदरमध्ये ढील असताना पाय सटकला तर बसणारा सगळा हिसका शरीराला आणि शिवणींना सोसावा लागतो. टेदर कमरेच्या वर आणि नेहमी ताठ ठेवायचा हा नियम कोणत्याही दोराला लागू आहे, पण इथे चूक जास्त महाग पडते.

टेदरची उंची. फेरफार करण्याआधी ही तपासावी, कारण तिला खर्च नाही. प्लॅटफॉर्मवर उभे असताना कपाळाच्या पातळीला टेदर बांधून सुरुवात करावी आणि एका वेळी ५ ते ७ सेंमी बदलून पाहावे. टेदर वर नेला की दोर उभा होतो, जवळजवळ सगळे वजन आसनावर येते. गुडघे खोडाला टेकवून बसणाऱ्यांना हे मानवते. खाली आणला की शरीर मागे रेलते आणि बराच भार पायांवर जातो. उभ्याने रेलणाऱ्यांना ते बरे, पण तळपाय लवकर दुखतात. निव्वळ एका मुद्रेत पाच तास कोणीच आरामात काढत नाही. चांगली जुळवणी तीच, जिच्यात बसणे आणि रेलणे यांत आवाज न करता बदल करता येतो.

पॅनेल आणि माप. माप घेताना शिकारीचे जाड कपडे अंगावर असावेत. नोव्हेंबरच्या थंडीतले थर कमरेचे माप दोन-तीन इंचांनी सहज वाढवतात. नितंबांच्या सर्वांत रुंद भागाचाही घेर मोजावा. कमर लहान आणि नितंब रुंद असणाऱ्यांना केवळ कमरेवरून घेतलेले सॅडल हमखास आखूड पडते. ब्रिजचे फास खुब्याच्या हाडाच्या किंचित पुढे यायला हवेत. पॅनेल मोठे असेल तर फास फार पुढे येतात, कापड खुब्यांना बाजूंनी वेढते आणि ब्रिज कितीही लांब केला तरी चिमटा जात नाही. असे सॅडल दुरुस्त करण्यापेक्षा बदलून घ्यावे.

एकसंध पॅनेलमध्ये खालची कड मांडीत रुतणे ही नित्याची तक्रार असते. कडेवरच्या वेबिंगच्या कप्प्यांतून पातळ दोरी ओवून ती कड थोडी आवळली तर सपाट पॅनेलला वाटीचा आकार येतो आणि भार पसरतो. फार आवळले तर सगळे वजन त्या एका कडेवर येते, म्हणून दोरी सरकत्या कुलपाने बांधावी, गाठ मारू नये. दोन पॅनेलांच्या सॅडलात खालचे मांड्यांच्या वरच्या भागाखाली आणि वरचे त्रिकास्थीवर (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडावर) आणले की काम होते. खालचे गुडघ्याकडे फार सरकले तर रेलताना आसन निसटू पाहते.

पाठपट्टा. बसणाऱ्यांसाठी ब्रिजनंतर याचाच क्रम लागतो. ८–१० सेंमी रुंद पट्टा पाठीमागे किंवा काखांखाली घेऊन त्याचा दोर टेदरच्या कॅराबिनरमध्ये अडकवतात. तो फक्त टेकायला असतो, पडणाऱ्याला धरायला नाही, म्हणून त्याला हलकी दोरी आणि साधे बकल चालते. तो मानेपर्यंत सरकू शकेल इतका सैल मात्र नसावा.

मांडीचे पट्टे. बसल्यावर ते आवळतात म्हणून काही जण काढून टाकतात. हे करू नये. शिकारी उलटा झाला तर सॅडल पायांकडून निसटू न देणारे तेवढेच असतात. त्यांची लांबी वाढवावी, लोंबणारे टोक इलॅस्टिकच्या कडीत अडकवावे, आणि पट्टा व मांडी यांच्यात बसलेल्या अवस्थेत दोन बोटे जातील एवढी मोकळीक ठेवावी.

गादी लावायचीच असेल तर ५–६ मिमीचा बंद पेशींचा फोम, काढता येईल अशा खोळीत घालून, पॅनेलच्या आतून बसवावा. उघड्या पेशींचा स्पंज पाणी पितो आणि थंडीत गोठतो. आवाजासाठी बकले व कॅराबिनर यांच्या उघड्या भागांवर कापडी टेप गुंडाळतात. कॅराबिनरच्या दाराला आणि कुलपाला टेप लागता कामा नये. वेल्क्रोच्या पिशव्या शांत जंगलात फार वाजतात, त्या चुंबकी किंवा दोरीच्या तोंडाच्या घ्याव्यात.

शिवण. घरच्या यंत्रावर पिशव्या, इलॅस्टिकच्या कड्या, खोळ हे सगळे खुशाल शिवावे. भाराच्या साखळीतल्या वेबिंगवर सुई चालवू नये, मग काम पिशवी अडकवण्याइतके किरकोळ का असेना. सुईने तंतू तुटतात, आणि कारखान्यातली दाट आडवी टाकेबंदी घरगुती यंत्राच्या ताकदीने व धाग्याने साधत नाही. नवी वस्तू आधीच्या मोकळ्या कप्प्यांत ओवून बसवावी. ब्रिजच्या फासाची शिवण उसवलेली दिसली तर दुरुस्ती निर्मात्याकडे, घरी नाही. फेरफारानंतर निर्मात्याची हमी बहुधा उरत नाही, हेही लक्षात घ्यावे.

चाचणी. प्रत्येक बदलानंतर जमिनीपासून फूटभर उंचीवर, पूर्ण पोशाखात, शेजारी दुसरे माणूस असताना अर्धा-पाऊण तास बसावे. पाच मिनिटांत सगळी सॅडले आरामदायी वाटतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ब्रिज, टेदर आणि पॅनेल एकदम हलवले तर कशाने बरे वाटले ते कळत नाही. याच उंचीवर पाय प्लॅटफॉर्मवरून मुद्दाम काढून परत चढण्याचा सराव करावा. पायांना आधार नसताना निश्चल लटकत राहिल्यास रक्त पायांत साचून भोवळ येऊ शकते, म्हणून पाय ठेवण्यापुरता दोराचा एक फास नेहमी हाताशी असावा.

हंगामाआधी आणि प्रत्येक बैठकीआधी दोर बोटांतून फिरवून पाहावा. कडक झालेला तुकडा, चमकणारा वितळलेला डाग, आतून पोकळ लागणारी जागा किंवा ब्रिज-फासाच्या आतल्या कडेवर उठलेली लव यांपैकी काही आढळले तर तो भाग त्याच दिवशी बदलावा. काढलेला दोर तिथेच कापून टाकतात, म्हणजे पुढच्या हंगामात तो चुकून पिशवीत जात नाही.