बोट दाबलं की तीन दिवसांनी मरण?

"जपानी युद्धकलेत असे गुप्त बिंदू आहेत की तिथे नुसतं बोट दाबलं तरी माणूस तीन दिवसांनी मरतो." हा मेसेज फिरून फिरून येतोच.

त्यातला एक धागा खरा आहे. मर्मस्थानाला जपानीत 'क्यूशो' म्हणतात आणि जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेत ही ठिकाणं नावानिशी शिकवत. बरगड्यांखालचा मधला खळगा म्हणजे 'सुइगेत्सु', पाण्यातला चंद्र. नडगी म्हणजे 'बेन्केईची रडायची जागा'. बेन्केई हा १२व्या शतकातला धिप्पाड योद्धा. पण पलंगाच्या पायावर नडगी आपटली की तोही कळवळणारच!

गुपित एवढंच, की नडगीच्या हाडावर पुढून मांस नसतं, नुसती कातडी. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, कारण तिथे मज्जातंतू अगदी वरवर असतो. सुइगेत्सुवर ठोसा बसला की श्वासपटल आखडतं, दम कोंडतो, बहुधा थोड्या वेळात सुटतो. म्हणजे जोर लागतो, नेम लागतो, मंत्र नव्हे.

मग उशिरा येणारं मरण? डोक्याला मार लागून कवटीत रक्तस्राव झाला, तर माणूस काही तास ठणठणीत दिसून मग कोसळू शकतो. पण तो रक्तस्राव सीटी स्कॅनमध्ये दिसतो, आणि त्यामागे दणका असतो, बोटाचा स्पर्श नाही.

पडताळायचंय? अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग दाबा. दुखेल, सोडलं की थांबेल. मानेवर मात्र हा प्रयोग नको. तिथल्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर काही सेकंदांतच शुद्ध जाते.